अलिंदाची थरथर : पद्धत निवडावी की हात?

परिचयातले एक निवृत्त मुख्याध्यापक गेल्या वर्षी कागदावर प्रश्न लिहूनच माझ्याकडे आले. मी काही हृदयरोगतज्ज्ञ नाही. पण संशोधकाला आकडे वाचता येतात, एवढाच त्यांचा भरवसा. त्यांना एट्रियल फिब्रिलेशन होते आणि पहिलाच प्रश्न होता, "जाळण्याची पद्धत चांगली की गोठवण्याची?"

निरोगी हृदयात ठोक्याची विद्युतलहर उजव्या अलिंदातील एका ठिकाणाहून निघते व शिस्तीने पसरते. या विकारात अलिंदांत अनेक लहरी एकाच वेळी भरकटतात. अलिंदे मिनिटाला ३५० हून अधिक वेळा नुसती थरथरतात. नाडी अनियमित होते, धाप लागते, आणि साचलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात होतो.

ही थरथर सुरू कोठे होते? फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल आयसागेर व सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांत तपास केला. १९९८ साली त्यांनी दाखवून दिले की सापडलेल्या ६९ उगमस्थानांपैकी ९४ टक्के फुप्फुसशिरांमध्ये होती. (ऑक्सिजनयुक्त रक्त वाहणारी शीर म्हणून परीक्षेत हमखास विचारतात, तीच ही.) डाव्या अलिंदाचे स्नायू या शिरांत थोडे आतपर्यंत गेलेले असतात आणि तेथून अवेळी ठिणग्या उडतात. म्हणून जांघेतील शिरेतून कॅथेटर नावाची बारीक नळी हृदयात नेतात, दोन अलिंदांमधला पडदा छेदतात आणि शिरांच्या मुखांभोवती मृत ऊतींचे कडे तयार करतात. मृत ऊतीतून लहर जात नाही. ठिणगी आतच राहते. हेच अॅब्लेशन.

कडे करण्याच्या रीती तीन. पहिलीत उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने ऊती तापवून एकेक ठिपका जोडत जातात. दुसरीत शिरेच्या तोंडाशी फुगा टेकवून तो अतिशीत करतात, की कडे एकदम तयार होते. उष्णतेने मागच्या अन्ननलिकेला इजा होऊ शकते; थंडीने श्वासपटल हलवणाऱ्या चेतेला. तिसऱ्या रीतीत अतिशय अल्पकाळाचे, उच्च दाबाचे विद्युतस्पंद पेशीपटलाला छिद्रे पाडतात. हृदयस्नायू त्याने लवकर मरतात, शेजारच्या ऊती बऱ्याच अंशी वाचतात. म्हणून तिचे कौतुक होत आहे.

आता तुलना. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ७६२ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरात उपचार अपुरा ठरण्याचे प्रमाण उष्णता आणि थंडी दोन्हींत सुमारे ३५ टक्के आले. २०२३ साली ६०७ रुग्णांत विद्युतस्पंदांची तुलना या दोन जुन्या रीतींशी झाली : यश ७३ टक्के आणि ७१ टक्के! फरक नगण्य. शिवाय 'अपयश' म्हणजे काय तेही पाहावे लागते. अशा चाचण्यांत सुरुवातीचे काही आठवडे सोडून पुढे आलेखात ३० सेकंदांची थरथर दिसली, तरी ती अपयशात धरण्याचा प्रघात आहे. रुग्ण मात्र मजेत जिने चढत असेल. आणि हे सारे आकडे मधूनमधून येऊन आपोआप थांबणाऱ्या विकाराचे. थरथर सात दिवसांहून अधिक टिकणाऱ्यांत यश कमी मिळते.

पद्धतींत फरक नाही, तर मग फरक कशात आहे? अमेरिकेतील २००० ते २०१० या काळातील ९३,८०१ अॅब्लेशनांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. वर्षाला २५ पेक्षा कमी अॅब्लेशन करणारे डॉक्टर आणि ५० पेक्षा कमी होणारी रुग्णालये, येथे गुंतागुंत अधिक आढळली. तेव्हापासून साधने सुधारली, हे खरे. पण पडदा छेदणे आजही हातानेच होते. मला विचाराल तर ज्याचा हात ज्या साधनावर बसला आहे, त्याच्याकडून त्याच साधनाने करून घ्यावे.

मुख्याध्यापकांनी कागद उलटा करून नवे प्रश्न लिहून घेतले : तुम्ही स्वतः वर्षाला किती करता? माझ्यासारख्या वयाचे व प्रकारचे किती? हृदयाभोवती रक्तस्राव झाल्यास इथे शस्त्रक्रियेची सोय आहे का? पुन्हा करावे लागण्याचे प्रमाण किती?

शेवटी त्यांनी मलाच विचारले, "मग गुठळी होऊ न देणारी गोळी सुटेल ना?" बहुतेकांची ही अपेक्षा असते. पण ती गोळी ठोका सुधारला की नाही यावर ठरत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांवरून ठरते. त्यांचे वय ७६ होते. "म्हणजे ती राहणारच," असे म्हणत त्यांनी तेही लिहून घेतले.