मेंढीचा भाव ठरवला चरबीने

कुरण विकायचे तर भाव जमिनीचा लागतो, असे आपण म्हणू. १८४०च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीत मात्र हिशेब वेगळा होता. तिथली बरीचशी कुरणे सरकारी. १८३६च्या कायद्याने वर्षाला १० पौंड भरून परवाना घ्यायचा आणि मेंढ्या चारायच्या. जमीन मालकीची नाही, मग विकणार काय? म्हणून सौदा दर मेंढीमागे ठरे; कुरण आणि खोपटी त्यातच धरली जात.

मेंढीची किंमत मात्र लंडनच्या लोकरबाजाराच्या हाती. लोकर उतरली, दुष्काळ पडला, इंग्लंडहून येणारे भांडवल आटले. १८४३मध्ये देणेकऱ्यांच्या मेंढ्या लिलावात सहा-सहा पेन्सला जाऊ लागल्या.

त्याच वर्षी यास इथल्या हेन्री ओब्रायन यांनी मेंढ्या उकळून चरबी काढली. साबण आणि मेणबत्त्यांसाठी इंग्लंडमध्ये तिला गिऱ्हाईक होते. मेंढीमागे पाच-सहा शिलिंग सुटू लागले. शिलिंग म्हणजे बारा पेन्स. म्हणजे दहापट रक्कम! मग त्याहून फार कमी भावात मेंढी कोण देईल? मेंढीला तळभाव मिळाला आणि तिच्या आधाराने कुरणालाही. हजारो मेंढ्या कढईत गेल्या, तेव्हा कुठे उरलेल्या कळपांना किंमत आली.