पहिली बंदूक घेतांना : पारख, साहित्य व जबाबदारी

विक्रोळी म्हटलें कीं आज कारखाने, रेल्वेस्थानक व दाट वस्ती डोळ्यांपुढें येते. तथापि येथें राहून नोकरी करणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची वडिलोपार्जित शेती कोंकणांत किंवा घाटमाथ्यावर आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रींत उभें पीक तुडवून जातो, हें वर्तमान त्यांस वरचेवर ऐकावें लागतें. आणि मग एखादी बंदूक घ्यावी असा विचार मनांत येतो. प्रथमच बंदूक घेणाऱ्या अशा वाचकांकरितां आम्हीं पुढील माहिती एकत्र केली आहे. नांगर निवडण्यांत चूक झाली तर एक हंगाम वांया जातो. बंदुकीच्या बाबतींत त्याच चुकीनें माणूस गमवावा लागतो.

पहिला प्रश्न रायफल घ्यावी कीं साधी बंदूक, हा होय. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमांत पीकरक्षणाकरितां ठासणीची बंदूक सांगितली असून, ती अपुरी असल्याची अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देतां येते. यामागें व्यवहारज्ञान आहे. रायफलीची गोळी फार दूर जाते. ·२२ ची लहानशी गोळीहि एक मैलाहून अधिक जाऊं शकते. आपल्या शेताच्या बांधापलीकडे वाडी, पायवाट किंवा गुरें असतात हें ध्यानीं घेतां, पीकरक्षणास रायफल सहसा योग्य नव्हे. ज्यांस रायफलीची आवड आहे त्यांनीं आधीं एखाद्या रायफल क्लबांत १० मीटरवरील हवेच्या रायफलीचा अभ्यास करावा. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथें ५० मीटर रायफल तीन स्थिति या प्रकारांत कांस्यपदक मिळविलें. शिस्तीनें शिकल्यास आपल्या खेड्यांतील मुलगा कोठवर पोहोंचतो, हें त्यावरून दिसून येईल.

परवाना मुंबईंत पोलीस आयुक्तांकडून व जिल्ह्यांत जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून मिळतो. विक्रोळीकरांनीं आणखी एक गोष्ट जाणून असावें. या गांवाच्या पश्चिमेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व पूर्वेस तिवरांपलीकडे ठाणे खाडीचें रोहित पक्षी अभयारण्य आहे. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या ३४ व्या कलमाप्रमाणें अशा क्षेत्रापासून दहा किलोमीटरच्या आंत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीवांचून नवा शस्त्रपरवाना देतां येत नाहीं. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. पिकाची नासाडी करणारें रानडुकरहि मारावयाचें झाल्यास ११ व्या कलमाखालीं अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी.

आतां पारखीविषयीं. बंदूक हातीं येतांच, विकणारा कांहींहि सांगो, ती रिकामी आहे कीं नाहीं हें स्वतः उघडून पाहावें. ठासणीची बंदूक असल्यास नळींत गज शेवटपर्यंत घालून तोंडाशीं खूण करावी; मग तोच गज बाहेरून नळीलगत धरावा. गजाचें टोंक कानाच्या छिद्रापर्यंत न पोहोंचल्यास आंत बार भरलेला आहे असें समजून ती कारागिराच्या स्वाधीन करावी.

काडतुसाच्या बंदुकीची नळी उघडून, मागील बाजूनें उजेडाकडे धरून आंत पाहावें. आंत वर्तुळाकार सांवली दिसल्यास तेथें फुगवटा किंवा पोचा आहे. गंजानें पडलेले खोल खड्डे तेलानें झाकले जातात, परंतु भरून येत नाहींत. बंदूक मिटल्यावर नळी व मागील भाग यांमधून उजेड दिसूं नये, व हालवितां खडखड वाटूं नये. दस्ता मनगटाच्या जागीं चिरला आहे काय, हें नखानें चांचपून पाहावें. लोखंड व पोलाद यांचे पट्टे पिळून केलेल्या, लाटांसारखी नक्षी असलेल्या जुन्या नळ्या काळ्या दारूकरितां केलेल्या असत. त्यांत आजचें धूरहीन दारूचें काडतूस उडविणें जिवावर बेतेल. तसेंच ६५ मिलिमीटरच्या घरांत ७० मिलिमीटरचें काडतूस सहज बसतें, परंतु उडतांना त्याचें तोंड पुरतें उघडत नाहीं व दाब वाढतो. म्हणून नळीवरील आंकडे व चांचणीचे शिक्के वाचल्याविना पैसे देऊं नयेत.

रायफल असल्यास नळीच्या तोंडाची कड व आंतील आटे निरखावे. कड दुखावलेली असेल तर नेम राहत नाहीं. काडतुसाच्या मागील अंतराचें माप परवानाधारक कारागिराकडून घ्यावें. तें डोळ्यांनीं ठरत नाहीं.

साहित्याचा क्रम पुष्कळ जण उलटा लावतात : आधीं दुर्बीण, शेवटीं कपाट. आमच्या मतें पहिला खर्च कुलुपाच्या पोलादी कपाटावर व्हावा. १९४३ सालीं गोदरेज यांनीं विक्रोळीची जमीन घेतली तेव्हांपासून या गांवाचें नांव तिजोऱ्या, कपाटें व कुलुपें यांशीं जोडलें गेलें आहे. येथील वाचकांस पोलादी कपाटाचें महत्त्व सांगावयास नको. बंदूक भिंतींत पक्क्या बसविलेल्या कपाटांत ठेवावी, काडतुसें दुसऱ्या कुलुपांत, आणि दोन्ही किल्ल्या परवानाधारकाच्याच हातीं असाव्या.

त्यानंतर बोराच्या मापाचा गज, पितळी ब्रश, फलाणीचे तुकडे व हलकें तेल घ्यावें; नेम धरण्याच्या सरावाकरितां खोटें काडतूस, तसेंच कानांचें व डोळ्यांचें संरक्षण हवें. पट्टा मजबूत असला म्हणजे पुरे. चामड्याच्या पेटींत बंदूक कायम ठेवूं नये. कोंकणच्या पावसाळ्यांत चामडें ओल धरतें व नळी गंजते. काळ्या दारूची राख हवेंतील पाणी ओढते, म्हणून ठासणीची बंदूक वापरल्यास त्याच दिवशीं गरम पाण्यानें धुवून, पूर्ण वाळवून मग तेल लावावें.

शेवटीं आमचें सांगणें इतकेंच कीं, बंदूक हा पीकरक्षणाचा शेवटला उपाय समजावा. भक्कम कुंपण, शेजाऱ्यांशीं मिळून केलेली राखण व नुकसानीचा वेळेवर केलेला पंचनामा यांनीं पुष्कळदां काम भागतें, व वनखात्याकडून भरपाईहि मागतां येते. इतकें करूनहि बंदूक लागलीच, तर अंधारांत हालणाऱ्या झुडुपावर ती कधीं रोखूं नये. त्या झुडुपामागें राखणीस आलेला आपलाच भाऊबंद असूं शकतो. जनावर व त्यामागील जागा स्पष्ट दिसेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावें.