कुत्र्याच्या कानाचे दुखणे

आमच्या वाशी तालुक्यात हौसेखातर कुत्रे पाळणारी घरे थोडी. कुत्रे शेळ्या राखते, रानातली वस्ती राखते, आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडाबरोबर तेही निघते. तिकडे आईबाप फडात आणि लेकरू कोपीत झोपलेले. अशा वेळी राखणदाराचे कान शाबूत नकोत काय?

पण कानाकडेच कुणाचे लक्ष नसते. कुत्रे डोके झटकते, मागच्या पायाने कान खाजवते. आपण म्हणतो, गोमाशी चावली असेल. चार दिवसांनी कानातून आंबूस वास सुटतो, काळपट मळ नाहीतर पू दिसतो, हात लावला की ते केकाटते.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. त्यामुळे आत गेलेले पाणी सहज बाहेर येत नाही. ओलीत बुरशी आणि जंतू वाढतात. लोंबत्या कानात हवा खेळत नाही, म्हणून तिथे हा त्रास जास्त. बालाघाटाच्या माळावर कुसळी गवत वाळले की कुसळ कानात शिरते. एकच कान अचानक दुखू लागला तर पहिला संशय कुसळाचा धरावा. कोरडा, चहाच्या भुकटीसारखा काळा मळ बहुधा कानातल्या बारीक किड्यांचा असतो. हे किडे एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातात, म्हणून घरातल्या मांजरालाही औषध लागते. अंगाच्या ॲलर्जीनेही कान पुन्हा पुन्हा बिघडतो.

आता उपायांचे. कुणी कढत तेल ओततो, कुणी तंबाखूचे पाणी, कुणी चक्क फिनेल! हा औषधोपचार नव्हे, मुक्या जिवाचा छळ आहे. पडदा फाटलेला असेल तर काही चांगली औषधेसुद्धा आत उतरून कायमचे बहिरेपण आणतात. म्हणून डॉक्टर आधी कानात पाहतात, मळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. बुरशीचे औषध वेगळे, जंतूंचे वेगळे. काडीला कापूस गुंडाळून कोरू नये, घाण आणखी आत जाते. झटकून झटकून पाळीत रक्त साचून ती फुगली तर सुई टोचू नये. आणि वास गेला म्हणून तिसऱ्या दिवशी औषध बंद करू नये.

सरकारी जनावरांचा दवाखाना फक्त गाईम्हशींचा, हा समज खोटा आहे. तिथे कुत्रेही दाखवता येते. पशुसेवेचा 1962 हा फोन फुकट आहे, त्यावर विचारावे. हट्टी दुखण्यासाठी उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधीच कान दाखवून घ्यावेत. परमुलखात दवाखाना शोधायला सवड कुठली?

दुखऱ्या कानाला हात लावताना कुत्र्याचे तोंड फडक्याने बांधावे, मुले दूर ठेवावीत. घरचे असले तरी ते चावते. चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तेरखेड्याचे फटाके तर आपल्याच तालुक्यातले. दिवाळीत शेजारी फटाका वाजला आणि कुत्र्याने मानही वर केली नाही, तर ‘आमचे कुत्रे भीत नाही’ म्हणून फुशारकी मारू नये. त्याचा कान उचलून वास घेऊन पाहावा.