अमावास्येच्या रात्री अपोफिस

१३ एप्रिल २०२९ रोजी शुक्रवार आहे आणि त्या रात्री अमावास्या आहे. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंती असल्याने सोलापूर जिल्ह्यातली बहुतेक गावे मध्यरात्रीपर्यंत जागीच असतील. मंद्रूपही त्याला अपवाद नसेल. त्याच रात्री, १४ तारीख लागल्यानंतर पहाटे तीन वाजून सोळा मिनिटांच्या सुमारास, अपोफिस नावाचा सुमारे ३४० मीटर आकाराचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून अवघ्या ३२ हजार किलोमीटरवरून निघून जाईल. छतावरची टीव्हीची डिश ज्या उपग्रहाकडे तोंड करून बसलेली असते, तो सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. म्हणजे हा पाहुणा डिशच्या उपग्रहापेक्षाही आतून जाणार.

तो आदळणार नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. जून २००४ मध्ये अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेतून तो सापडला, तेव्हा त्याच्या कक्षेची नेमकी माहिती नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस तर २०२९ मध्ये तो आदळण्याची शक्यता ३७ मध्ये एक, इतकी वर गेली होती. जगाचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही, कारण आदल्याच दिवशी हिंद महासागरात त्सुनामी आली होती. पुढे जुन्या छायाचित्रांत तो आधीच टिपला गेल्याचे आढळले, कक्षा नीट काढता आली आणि २०२९ चा धोका संपला. मार्च २०२१ मध्ये रडारने त्याचे मोजमाप झाले आणि निदान पुढची शंभर वर्षे तो पृथ्वीवर आदळणार नाही, असे शास्त्रज्ञांनी सांगितले. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या हौशी निरीक्षकांनीही एक मोलाचे काम केले. अपोफिस एका ताऱ्यासमोरून जाताना तो तारा क्षणभर कधी झाकला जातो, याची त्यांनी घड्याळ लावून नोंद घेतली. त्यातून लघुग्रहाची जागा आणखी अचूक ठरली.

मग जगभरचे खगोलप्रेमी या रात्रीची इतकी वाट का पाहत आहेत? एवढ्या आकाराचा लघुग्रह इतक्या जवळून जाण्याचा योग पाच ते दहा हजार वर्षांतून एकदा येतो, असा अंदाज आहे. मंद्रूपच्या परिसरातच, भीमा-सीनेच्या संगमावरच्या हत्तरसंग कुडल इथला मराठी शिलालेख इसवी सन १०१८ चा. मराठी अक्षरे दगडावर कोरली जाऊ लागली, त्याला अजून अकराशे वर्षेही झालेली नाहीत.

दुसरे कारण यानांचे आहे. लघुग्रहाजवळून यान जाते तेव्हा नेमके काय होते, हे एकदा पाहायला हवे. गॅलिलिओ यान २९ ऑक्टोबर १९९१ रोजी गॅस्प्रा या लघुग्रहाजवळून गेले. लघुग्रह जवळून पाहण्याची ती पहिलीच वेळ. पण यानाचा मुख्य अँटेना छत्रीसारखा उघडायचा होता, तो अडकला. छोट्या अँटेनावरून छायाचित्रे थेंबाथेंबाने येत राहिली. ऑगस्ट १९९३ मध्ये हेच यान इडा या लघुग्रहाजवळून गेले. इडाला स्वतःचा एक चिमुकला चंद्र आहे, हे मात्र १९९४ च्या फेब्रुवारीत चित्रे तपासताना कळले. लघुग्रहालाही चंद्र असू शकतो, याचा तो पहिला पुरावा. १ नोव्हेंबर २०२३ रोजी ल्युसी यान डिंकिनेश या लघुग्रहाजवळून सुमारे ४३० किलोमीटरवरून गेले. तिथेही चंद्र निघाला, आणि तो चंद्र एकमेकांना चिकटलेल्या दोन गोळ्यांचा होता. सेकंदाला साडेचार किलोमीटर या वेगाने यान पुढे निघून जाते आणि पाहायला मिळतात ती मोजकी मिनिटे. त्या मिनिटांसाठी लोक वर्षानुवर्षे थांबतात, आणि नंतर चित्रे पोहोचेपर्यंत पुन्हा थांबतात.

अपोफिसच्या बाबतीत यान नुसते जवळून जाणार नाही, तर मुक्कामाला राहणार आहे. युरोपीय अवकाश संस्थेचे रामसेस हे यान २०२८ मध्ये निघून फेब्रुवारी २०२९ मध्ये, म्हणजे पृथ्वीभेटीच्या दोन महिने आधी, अपोफिसजवळ पोहोचावे असा बेत आहे. अमेरिकेचे ओसायरिस-एपेक्स हे यान भेटीनंतर तिथे जाईल. हे तेच यान, ज्याने बेनू लघुग्रहावरची माती सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर आणून दिली आणि नंतर नवे नाव घेऊन नव्या कामाला लागले.

आधी आणि नंतर पाहण्यालाच इथे महत्त्व आहे. हृदयरोगाच्या तपासणीत ट्रेडमिलवर चालवण्याआधी ईसीजी काढतात, चालताना काढतात आणि थांबल्यावरही काढतात. ताण पडल्यावर काय बदलले, यावरून आतले कळते. अपोफिसची ही तशीच तपासणी आहे, फक्त ट्रेडमिल पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाची. भुईमुगाच्या शेंगेसारखा दोन भागांचा हा दगड डळमळत फिरतो आहे. पृथ्वीजवळून जाताना त्याचे फिरणे बदलेल, उतारावरची माती कदाचित घसरेल. सूर्याभोवतीची त्याची एक फेरी आज सुमारे ३२४ दिवसांची आहे, ती त्यानंतर एक वर्षाहून मोठी होईल. हा दगड आतून अखंड आहे की दगडगोट्यांचा ढीग, हे या बदलांवरून उलगडू शकेल. उद्या एखादा लघुग्रह खरोखरच अंगावर आला, तर त्याला ढकलायचे कसे, हे त्यावर अवलंबून आहे. बुलढाण्यातले लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाहिलेल्याला या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगावे लागत नाही.

पृथ्वीला मात्र अपोफिसचा धक्का जाणवणार नाही. त्याचे वस्तुमान चंद्राच्या एक लाख कोटीव्या हिश्शापेक्षाही कमी आहे. त्याने समुद्राला भरती येणार नाही, भूकंपही होणार नाही. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण या भागातल्या लोकांना ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवते. तेव्हा तीन वाजून छप्पन मिनिटे झाली होती. त्यानंतर सोलापूर जिल्ह्यातही माणसे कित्येक रात्री अंगणात झोपली. अपोफिसची वेळही पहाटे तीनची, त्यात अमावास्या, आणि नाव इजिप्तच्या पुराणातल्या अंधाराच्या सर्पाचे. अफवेला लागणारे सगळे सामान तयार आहे.

अशा अफवा आपल्याला नव्या नाहीत. फेब्रुवारी १९६२ च्या अष्टग्रहीच्या वेळी जगबुडी होणार म्हणून देशभर यज्ञ झाले. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब ही अमेरिकन अवकाश प्रयोगशाळा कोसळणार म्हटल्यावर अनेक खेड्यांत लोकांनी कोंबड्या-बकऱ्या कापून खाल्ल्या. उद्याचे काय, असा विचार होता. स्कायलॅबचे तुकडे हिंद महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात पडले, कुणालाही इजा झाली नाही. तेव्हा बातमी पारावर फिरायची, आता ती व्हॉट्सॲपवर फिरेल, एवढाच फरक.

भीतीने नाडी आणि रक्तदाब वाढतो. हृदयविकार असलेल्याच्या छातीत दुखू शकते. पण त्याहून नेहमीचा धोका उपाशी राहण्याचा. ग्रहणात वेध पाळतात तसे कुणी त्या दिवशी अन्न सोडले आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र नेहमीसारखे घेतले, तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळू लागतो. उलट, औषधच बंद ठेवले तर साखर चढते. त्या दिवशी जेवण आणि औषध दोन्ही वेळेवर हवे. गरोदर बाईला खोलीत कोंडून ठेवण्याचे काही कारण नाही. अपोफिसकडून येणार आहे तो परतलेला सूर्यप्रकाश, एखाद्या अंधूक ताऱ्याइतका. त्याने पोटातल्या बाळाला काही होत नाही, डोळ्यांनाही नाही. सूर्यग्रहणाचा चष्मा लावला तर मात्र काहीच दिसणार नाही.

आता पाहायचे कसे? अपोफिस दक्षिणेकडून येईल आणि हिंद महासागरावरून आफ्रिकेकडे सरकेल. भारतात तेव्हा रात्र असेल. मंद्रूप सोलापूरच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे शहराचा उजेड पाठीमागे, उत्तरेला राहतो. एप्रिलात ज्वारीची रानेही मोकळी झालेली असतात. वळवाचे ढग आले नाहीत तर जागा उत्तम. तो सगळ्यांत तेजस्वी होईल तेव्हा अटलांटिकवर असेल, आणि इथून त्याआधीच पश्चिमेला मावळलेला असेल. म्हणून पहाटे तीनचा गजर लावून उपयोग नाही. आपली वेळ रात्री दहापासून मध्यरात्रीनंतर तास-दीड तास, आधी दक्षिणेला आणि मग नैर्ऋत्येला. तो इथून अंधूकच दिसेल, म्हणून साधी दुर्बीण जवळ असावी.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो. मंद उजेडात काम करणाऱ्या पेशींत एक द्रव्य असते, ते प्रकाशाने विरते आणि अंधारात सावकाश पुन्हा तयार होते. त्याला अ जीवनसत्त्व लागते. एकदा मोबाइल पाहिला की पुन्हा अर्धा तास. बॅटरीला लाल कागद लावला तर हे नुकसान कमी होते. अंधूक तारा थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवून पाहावा, कारण नजरेच्या मध्यबिंदूवर या पेशी नसतात. विमान लुकलुकते, कृत्रिम उपग्रह चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडतो. अपोफिस आधी ताऱ्यासारखा स्थिर वाटेल. जवळच्या दोन ताऱ्यांची खूण धरून पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले, तर तो सरकलेला दिसेल.

शेतात जायचे तर बूट घालावेत आणि बसण्याआधी जागा उजेडात पाहून घ्यावी. उन्हाळ्यात विंचू बाहेर असतात. विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रूढ केलेली प्राझोसिनची गोळी वेळेत मिळाली तर जीव वाचतो, म्हणून मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना गाठावा. जयंतीची रोषणाई चालू असेल तर गावाबाहेर अर्धा किलोमीटर चालत जाणे पुरेसे आहे.