पहाडी मैना नक्कल करते, पण पिंजऱ्यात

भिलाईच्या सेक्टरांमध्ये हिरवळीवर तुरुतुरु चालणारी साळुंकी दाखवून ‘हाच छत्तीसगडचा राज्यपक्षी’ असं पाहुण्यांना बिनदिक्कत सांगितलं जातं. मैना खरी, पण ती नव्हे. राज्यपक्षी आहे पहाडी मैना. ती भेटायची तर केशकालचा घाट चढून, रस्त्याने अडीचशेहून जास्त किलोमीटर दक्षिणेला, जगदलपूरजवळच्या कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात जायला हवं. काळ्याभोर पिसांवर जांभळी-हिरवी झाक, पंखावर पांढरा पट्टा, नारिंगी चोच आणि डोळ्यांखालून मानेपर्यंत लोंबणारी पिवळीजर्द कातडी. जमिनीवर ती क्वचितच उतरते. उंच झाडांच्या शेंड्यांवर फळं खाते आणि फांदीवर चालत नाही, उड्या मारते. जुन्या झाडाच्या ढोलीत घरटं करते. अशी झाडं तोडली की तिचा संसारच मोडला.

जीभ छाटली किंवा हिरवी मिरची चारली की मैना बोलते, हा समज तर निव्वळ क्रूर. पक्ष्याचा आवाज जिभेतून निघत नाही. श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे फाटते, तिथल्या स्वरयंत्रातून तो निघतो.

आणि ती जंगलात सगळ्या पक्ष्यांच्या नकला करते, असंही ठामपणे सांगतात. ब्रायन बर्ट्रम यांनी आसामातल्या पहाडी मैनांचा अभ्यास १९७० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते वेगळंच. रानातली मैना इतर जातींची नक्कल करत नाही. नर शेजारच्या नरांकडून हाका उचलतो, मादी शेजारच्या माद्यांकडून. थोडं दूर गेलं की बोली बदलते. ढोलीतून काढलेल्या पिल्लाला शेजारी म्हणून माणसंच मिळतात, मग ते माणसांचंच बोलणं उचलतं. त्याच्या ‘राम राम’चं कौतुक करताना हे मला विसरता येत नाही. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती पाळणं गुन्हा आहे.

‘मग सरकारने पिंजऱ्यात पैदास करावी की!’ जगदलपुरात तो प्रयत्न झाला. पण नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे जोडी लावणंच अवघड. कांगेर घाटीत आता गावातली तरुण मुलं ‘मैना मित्र’ म्हणून ढोल्यांवर लक्ष ठेवतात. मला तरी हाच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.