व्हेलचे तेल आणि अंतराळयान

ठाणे-कल्याण पट्ट्यात ‘व्हेलची उलटी’ पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यामागोमाग ‘नासाची यानेही व्हेलच्या तेलावर चालतात’ हा जुना दावा फिरू लागतो. मुळात या दोन गोष्टी वेगळ्या. ‘उलटी’ म्हणजे अंबरग्रीस (स्पर्म व्हेलच्या आतड्यात बनणारा मेणचट पदार्थ); ते अत्तरांसाठी वापरत. तेल निघे ते त्याच माशाच्या (खरे तर सस्तन प्राण्याच्या) डोक्यातून आणि चरबीतून. हे तेल उत्तम वंगण होते, हे खरेच. अमेरिकेत ते 1970 च्या दशकाच्या आरंभापर्यंत मोटारींच्या गिअरबॉक्समध्येही घालत. दाव्याला बळ मिळते ते इथूनच.

पण जमिनीवरचा गुण अंतराळात टिकत नाही. डोंबिवलीतल्या थंडीतही खोबरेल तेल बाटलीत थिजते; व्हेलच्या तेलातले मेणही असेच गोठते, आणि यानाचे सावलीतले भाग शून्याच्या कितीतरी खाली जातात. शिवाय निर्वातात (हवा नसलेल्या जागेत) अशा तेलाचे हलके घटक उडून दुर्बिणीच्या काचांवर बसतील. म्हणून तिथे फ्लोरिनयुक्त कृत्रिम तेले किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखी कोरडी वंगणे वापरतात. ‘जुना साठा वापरला असेल’ हा आक्षेपही टिकत नाही. साठा असला म्हणून तेलाचा गुणधर्म बदलत नाही. नासाची हबल दुर्बीण तर अंतराळात 1990 मध्ये गेली, तोवर अमेरिकेतली या तेलाची आयात बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. राहिल्या ‘उलटी’ पकडल्याच्या बातम्या: आपल्याकडे अंबरग्रीस बाळगणे वा विकणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.