कादंबऱ्यांचा एक महिना

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला, की आपल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. घरोघरी बाबासाहेबांची चरित्रे असतात, आत्मकथने असतात, कवितासंग्रह असतात. कादंबरी मात्र क्वचित. "तो रिकामटेकड्यांचा उद्योग," असे वडीलधारी मंडळी सर्रास म्हणतात. यंदाच्या वर्षावासात महिनाभर मी मुद्दाम कादंबऱ्याच वाचल्या, आणि त्याही एकाच प्रकारच्या नव्हेत.

सुरुवात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी केली. झुंजार एका बैठकीत संपतो, डोक्याला त्रास नाही. पण या प्रकारची पुस्तके लागोपाठ वाचली की एक गोष्ट खटकू लागते. बंगल्यात चोरी झाली, की झडती आधी नोकराच्या खोलीची! जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' ही यंत्रमानवाची कादंबरी घरातल्या विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींच्या हाती जरूर द्यावी. चमत्कारावाचूनही उत्कंठा वाढवता येते, हे त्यांना कळेल.

शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने (१९६७) जास्त दिवस घेतले. पुस्तक जाडजूड, भाषा अलंकारांनी लगडलेली. कर्णाला सूतपुत्र म्हणून हिणवतात तेव्हा आपल्या वाचकाचे रक्त उसळते, कारण तो अपमान आपल्या ओळखीचा आहे. पण पुढे काय होते? कर्ण मुळात कुंतीचा मुलगा, म्हणजे क्षत्रियच. त्याच्यावर अन्याय झाला तो त्याचे खरे कुळ लपले म्हणून. ज्याने त्याला वाढवले तो अधिरथ खराखुरा सूत आहे, त्याचे काय? त्याच्यासाठी कोणी हळहळत नाही. कादंबरी मनाला भिडते हे खरे. पण जन्मावरून माणसाची किंमत ठरवावी की नाही, हा मूळ प्रश्न तिने बाजूलाच ठेवला आहे, असे मला वाटते.

त्यानंतर विभावरी शिरूरकरांची 'बळी' (१९५०) आणि अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) लागोपाठ वाचल्या. या दोन्ही जोडीनेच वाचाव्यात. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा देशभर रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. 'बळी'मध्ये या माणसांची तारेच्या कुंपणातली वसाहत आहे. शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. सोलापूरच्या अशा वसाहतीत त्यांनी नोकरी केली होती. त्यांनी हे दुःख जवळून पाहिले आणि प्रामाणिकपणे लिहिले, याबद्दल शंका नाही. तरीही तिथली माणसे वाचताना आपण कुंपणाबाहेर उभे असतो.

'फकिरा'त आपण आत असतो. गावाची जोगणी आणायला राणोजी जातो आणि त्यातच प्राण गमावतो. पुढे त्याचा मुलगा भुकेल्या माणसांसाठी सरकारशी वैर पत्करतो. त्याची कीव करायला अण्णा भाऊ आपल्याला क्षणभरही सवड देत नाहीत. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या माणसाने हे लिहिले आणि बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केले. मातंग समाजातल्या या लेखकाचे पुस्तक आपल्या किती घरांत आहे, हा प्रश्न मोजक्या लोकांना अवघड वाटेल, पण तो विचारलाच पाहिजे.

आत्मकथनाने आपल्याला "हे माझ्यावर गुजरले" असे ताठ मानेने सांगायला शिकवले. ते मोठेच काम झाले. कादंबरी दुसरे काम करते. जे आपल्यावर गुजरलेले नाही, त्याच्या आत ती आपल्याला नेऊन बसवते.

उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) वाचताना मला हे विशेष जाणवले. शिंप्याची बायको कौतिक, नवरा संसाराला निकामी, आणि घर ओढायचे तिने एकटीने. तिची जात वेगळी, पण चुलीपुढची तिची तगमग आपल्या कितीतरी आयाबहिणींची आहे. नवऱ्यांनी ही कादंबरी वाचावी, आणि मोठ्याने वाचावी. वऱ्हाडी बोली कानाला नवी असेल तर पहिली पंधरावीस पाने अडखळायला होते, मग ती आपोआप जिभेवर बसते.